बेचाळीसची चाळणी

प्रयोगशाळेच्या सामानखोलीत तीन वास होते. एक हवा उपसणाऱ्या निर्वात पंपाच्या जुन्या तेलाचा, जळकट. दुसरा ओल्या पुठ्ठ्याचा. तिसरा गेल्या दोन आठवड्यांपासूनचा, तिचा स्वतःचा, आंबूस, दुधाचा. रोज साडेअकराला आणि तीनला ती आतून कडी घालायची, उपड्या खोक्यावर बसायची आणि दुधाचा पंप छातीला लावून भिंतीवरच्या बुरशीच्या डागाकडे बघत राहायची. पहिल्या दिवशी तो डाग बशीएवढा होता, आता ताटाएवढा झाला होता. त्याच्याकडे बघून काही दूध उतरायचं नाही. मग ती डोळे मिटायची आणि मुंगीची टाळू आठवायची, ती मऊ, आतून कुणी हळूच टिचक्या मारल्यासारखी उडणारी टाळू. पाच महिन्यांची मुंगी या वेळी घरी आजीच्या मांडीवर असायची. टाळू आठवली की दोन मिनिटांत बाटलीत धार लागायची.

पंप घरघरायचा. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत एखादं म्हातारं यंत्र घसा खाकरतंय.

‘आपल्याकडे आयुष्यभर निर्वात करणारे पुष्कळ झाले,’ पहिल्याच दिवशी इस्त्री म्हणाला होता, ‘पण त्यातून काही उपयोगाचं बाहेर आलेलं पहिल्यांदाच बघतोय.’

ती हसली होती. इस्त्री म्हणजे तिच्याबरोबरचा संशोधक. त्याच्या सदऱ्याला कधी सुरकुती नसायची आणि त्यानं काढलेल्या आलेखालाही नसायची, म्हणून इस्त्री. त्या प्रयोगशाळेत सर सोडले तर कुणालाच धड नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. तिला सगळे ‘दीड’ म्हणायचे. पोट दिसायला लागलं तेव्हा इस्त्रीनंच ते ठेवलं: ‘मोजायला गेलं तर एक, धरायला गेलं तर दोन. सरासरी दीड.’ बाळंतपणानंतर ती पुन्हा एकटी झाली तरी नाव दीडच राहिलं. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःला त्याहून बरोबर आकडा सुचत नव्हता. अर्धी इथं, एक घरी.

त्यांचा प्रयोग सांगायला सोपा, करायला जिवावरचा. काचेची एक पेटी, तिच्यातली हवा जवळजवळ शेवटच्या कणापर्यंत उपसलेली. त्या पेटीत प्रकाशाच्या चिमटीत एक अणू धरायचा, तोही इतका गार केलेला की त्याची सगळी तडफड संपलेली. मग त्याला शेजारीशेजारी दोन खोल्या द्यायच्या, डावी आणि उजवी, दोन्ही प्रकाशाच्याच. अणू इकडून तिकडे, तिकडून इकडे झोके घेतो. इथपर्यंत पाठ्यपुस्तक. गंमत पुढं आहे. उजव्या खोलीच्या तळाला एक भोक पाडायचं, म्हणजे तिथं गेलेला अणू कधी ना कधी गळून जाणार. पाठ्यपुस्तकातलं गणित बंद डब्याचं असतं, घातलं तेवढं आत राहतं. हे गळक्या डब्याचं गणित. शास्त्रात त्याला ‘नॉन-हर्मिशियन’ असं भारदस्त नाव आहे. प्रयोगशाळेत नुसतं ‘गळकं’ म्हणायचे.

भोक लहान असेतो अणू झोके घेत राहतो. भोक वाढवत नेलं की झोके मंदावतात आणि एका ठरावीक मापाला थांबतात. तिथं अणूच्या दोन वेगवेगळ्या चाली मिळून एकच चाल उरते. याला म्हणायचं अपवादबिंदू. सर गमतीनं ‘लग्नबिंदू’ म्हणायचे. ‘दोघांचा एक होतो आणि दुसरा कुठं गेला ते कुणी विचारत नाही.’ भोक त्याहूनही मोठं केलं की आणखी नवल. अणू उजवीकडे फिरकेनासाच होतो आणि गळती उलट कमी होते. हे दीडला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी ती घरी जाईपर्यंत स्वतःशीच हसत होती.

या शास्त्राची एक अट असते. गळलेले अणू हिशेबात धरायचे नाहीत. प्रत्येक खेपेला शेवटी फोटो काढायचा. ठिपका डावीकडे, ठिपका उजवीकडे, नाहीतर ठिपकाच नाही. ठिपका नसलेली खेप टाकून द्यायची आणि उरलेल्यांत डावे किती, उजवे किती ते बघायचं. पण फोटोत थोडी खरखर कायमची असते, म्हणून चाळणी लागते. इतके प्रकाशकण आले तर अणू आहे, त्याखाली आले तर नाही. पहिली खेप काढण्याआधी दीडनं रिकाम्या पेटीचे हजार फोटो काढले होते आणि चाळणी ठरवली होती. बेचाळीस. रोजवहीच्या पहिल्या पानावर तिनं तो आकडा लिहिला, भोवती चौकोन काढला आणि खाली लिहिलं, ‘आता याला हात लावायचा नाही.’

मग सातव्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत अकरा हजार खेपा तिनं एकटीनं काढल्या. पाय सुजले, बोटं सुजली, पोटावरची कातडी ताणून खाजायला लागली. ती खाजवत खाजवत खेपा काढत राहिली. सात मापांच्या भोकांपैकी शेवटचं मोजून झालं आणि तिसऱ्या दिवशी कळा आल्या.

ती परत आली तेव्हा लेख लिहून तयार होता. वर पहिलं नाव तिचं.

‘बाळाला आमच्याकडून झबलं समज,’ सर म्हणाले. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. डोकं तल्लख, आवाज मऊ, आणि बोलताना नजर नेहमी समोरच्याच्या कपाळावर. ‘तुझी संशोधनाची मुदत महिनाअखेर संपतेय. हा लेख गेला की मुदतवाढ, आणि पदवी त्याच्या मागोमाग. तू फक्त एक सही करायचीस.’

सहीचा कागद होता. त्यावर छापलेलं होतं: ‘सर्व नोंदी मी स्वतः पाहिल्या आहेत.’ खाली पहिल्या लेखकाच्या सहीसाठी रेघ आणि रेघेखाली भली मोठी कोरी जागा. सोमवारी सरांना दाखवून कागद कार्यालयात द्यायचा, मग लेख जाणार.

गुरुवारी ती आलेखावरची अक्षरं मोठी करायला बसली. तेवढंच काम तिच्यासाठी ठेवलेलं होतं. आलेख पाहून आधी तिचा ऊर भरून आला. सात भोकं, सात ठिपके, आणि सातही सरांच्या गणितानं काढलेल्या रेषेवर असे बसलेले जणू कुणी दोऱ्यात ओवले असावेत. मग ती जरा थांबली. खऱ्या मोजणीचे ठिपके असे वागत नाहीत. ते शाळेच्या रांगेतल्या पोरांसारखे असतात, एक जरा बाहेर, एक जरा मागं. हे सगळे सावधान उभे होते.

तिनं अक्षरं तशीच सोडली आणि आलेख काढणारा प्रोग्रॅम उघडला. बेचाळीस हा आकडा तिथं एकदा असायला हवा होता. तिथं सात आकडे होते.

४२, ४२, ४२, ३७, ५१, ३९, ५५.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तिनं घोट गिळला. मग प्रत्येक आकड्याच्या जागी तिनं स्वतःची बेचाळीसची चाळणी लावून पाहिली. पहिले तीन ठिपके हलले नाहीत. पुढचे चार रेषा सोडून इतके विस्कटले की झोके कुठं थांबले, थांबले की नाही, काहीच छातीठोक सांगता येईना.

इस्त्री शेजारच्या टेबलावर प्रकाश वळवायचा आरसा पुसत होता, ओठ मुडपून, एकाग्रपणे.

‘हे काय आहे?’ तिनं विचारलं.

‘कुठलं? हां, ते होय. त्या दुरुस्त्या.’

‘चाळणी दर भोकाला बदललीयस?’

‘अगं, तू गेल्यावर मी बघितलं, तुझ्या चौथ्या भोकापासून पुढं उजवी खोली अंधूक येतेय. ठिपके मरगळलेले. मग काय करणार?’

‘अंधूक का येतेय ते शोधणार.’

‘आणि आपण शोधेपर्यंत दुसरा कुणीतरी छापून मोकळा. सर म्हणाले, रेषा कुठून जाणार ते आपल्याला माहीतच आहे, ठिपके तिथं बसतात का बघ. बसले.’

‘बसले नाहीत. तू बसवलेस.’

‘इस्त्रीनं कापड बदलत नाही गं,’ तो हसत म्हणाला. ‘नुसती सुरकुती जाते.’

‘अरे, पंचावन्नची चाळणी लावलीस तेव्हा उजवीकडचे चांगले जिवंत अणू गळले म्हणून फेकलेस. आणि सदतीस लावलीस तेव्हा रिकाम्या खोलीतल्या खरखरीला अणू म्हटलंस. जिवंताला मेला आणि मेल्याला जिवंत!’

‘अणूंना नातेवाईक नसतात, दीड. कुणी रडत येणार नाही.’ मग त्यानं आवाज उतरवला. ‘हे बघ, मी तुझ्यासाठीच केलंय. तुझी मुदत संपते, माझी नाही. तू घरी टाके सांभाळत होतीस तेव्हा मी तुझ्या अकरा हजार खेपा चिवडत बसलो होतो. एक थँक्यू तरी म्हण.’

त्याच्या हातातलं आरसा पुसायचं फडकं स्वच्छ पांढरं होतं, आणि का कोण जाणे, त्या स्वच्छपणाचीच तिला शिसारी आली.

साडेतीनला ती सामानखोलीतून बाटली घेऊन फ्रिजपाशी गेली. हा फ्रिज सगळ्यांचा. वरच्या कप्प्यात गोंदाच्या नळ्या, मधल्यात कुणाचं तरी चार दिवसांचं उष्टं जेवण, त्यावर हिरवी लव. तिची सकाळची बाटली दिसेना. शोधता शोधता सगळ्यात मागं काळ्या प्लास्टिकची पिशवी सापडली, तिच्यात आणखी एक काळी पिशवी, आणि आत तिची बाटली, तारीख-वेळ लिहिलेली.

‘ते मीच गुंडाळलं,’ इस्त्री टेबलावरून म्हणाला. ‘रागावू नकोस. सरांना चहाचं दूध काढताना ते दिसलं की कसंसं होतं. त्यांना चहा जात नाही.’

तिनं उष्ट्या डब्यावरच्या लवेकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं. हे उष्टं चालतं. पंचावन्नची चाळणी चालते. मुंगीचं दूध तेवढं काळ्या पिशवीत.

शुक्रवारी इस्त्री सुटीवर होता. तिनं काचपेटीवरचं काळं झाकण उतरवलं. उजवी खोली अंधूक येते तर प्रकाशाच्या वाटेत काहीतरी आलं असणार, एवढं साधं. हातमोजे घालून, बॅटरी तिरपी धरून तिनं पेटीची काच वीत वीत करून पाहिली. आणि उजव्या बाजूला, कॅमेऱ्याच्या तोंडासमोर, बाहेरच्या अंगाला तो सापडला. अंगठ्याचा ठसा. तेलकट, पिवळट, त्यावर सहा महिन्यांची धूळ बसून लव धरलेला. एक केस चिकटलेला.

ई, असं तिच्या तोंडून मोठ्यानं निघालं. कुणी लावला असेल हात? ज्या काचेजवळ श्वास रोखून जायचं तिला कुणी उघड्या हातानं चोपडली? इस्त्री असेल. त्याचं ते मलम लावलेलं, गुळगुळीत बोट. तिनं मोजा काढून आपला अंगठा शेजारी, हवेतच, धरून पाहिला. ठसा तिच्या अंगठ्यापेक्षा चांगलाच रुंद होता. तिला हायसं वाटलं. इतकं हायसं की त्याची तिला जरा लाजच वाटली.

मग तिनं बॅटरी आणखी तिरपी केली. ठशाच्या मधोमध आडवी रेघ होती, एका टोकाला फाटा फुटलेली. दीड आठ वर्षांची असताना पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडताना तिचा अंगठा चिरला होता. ती खूण अजून होती. आडवी, एका टोकाला फाटा फुटलेली.

तिसरं भोक मोजून झालं होतं तो दिवस. प्रयोगशाळेत हातमोजे एकाच मापाचे यायचे, आणि आठव्या महिन्यात तिची सुजलेली बोटं त्यात जाईनात. एक फाटला, दुसरा फाटला, तिसऱ्याला तिनं शिवी दिली आणि म्हणाली, जाऊ दे, एक आरसा तर हलवायचाय. पोट टेबलाच्या कडेला टेकत होतं, तोल जात होता, पोटात मुंगी लाथ मारत होती. तिनं तोल सावरायला हात पुढं केला. कशाला तरी लागला. त्याच सकाळी पोटाला लावलेल्या खाजेच्या मलमाचे हात होते ते.

ती तिथंच जमिनीवर बसली. काचेवरची ती पिवळी घाण तिच्याच पोटाची होती. इस्त्रीनं झाकली ती तिची चूक. आणि आता ती खेकसणार कुणावर?

शनिवार असाच गेला. रविवारी दुपारी नवरा कामावर होता, मुंगी झोपली होती. दीड सहीचा कागद समोर ठेवून बसली होती. सही केली तर कुणाला कळणार? ठसा एका फडक्यानं पुसून टाकता येतो. चाळण्या कुणी उघडून बघत नाही. पदवी हातात येईल, मुंगीला सांगता येईल की तू पोटात होतीस तेव्हा हे काम आपण दोघींनी केलं. हा विचार मनात आला आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली. पोरीला यात कशाला ओढतेस?

‘काय गं, पेपर लिहितेस की पेपरकडं बघतेस?’ सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांची बत्तीस वर्षं मालधक्क्यावरच्या वजनकाट्यावर गेली होती, ट्रक आला की वजन लिहायचं, ट्रक गेला की पुढचा. निवृत्त झाल्या आणि आता मुंगीचं खाणंपिणं त्याच शिस्तीनं वहीत लिहायच्या. दीडनं सहज वही ओढून शुक्रवारचं पान उघडलं.

‘९.१० – १०० प्याली. ११.४० – ८० प्याली, ओकली. किती ते कळलं नाही. २.०० – ६० प्याली. बाटली कलंडली, थोडं सांडलं, चूक माझी.’

‘आई, हे “चूक माझी” कशाला लिहिलंत? कोण बघतंय?’

‘वही बघते ना,’ सासूबाई म्हणाल्या. ‘उद्या पोरीचं वजन नाही वाढलं तर डॉक्टर म्हणणार, दूध पचत नाही. पचायचं काय, ते चादर प्यायली! न लिहून कसं चालेल?’

‘पण लाज नाही वाटत?’

‘सांडल्याची वाटते की. लिहिल्याची कशाला?’ त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘काट्यावर पहिल्या दिवशी आमच्या हेडबाईंनी एकच गोष्ट शिकवली. काटा बघायच्या आधी ट्रकवाल्याचं तोंड बघायचं नाही. तोंड बघितलं की काटा हलतो. तो नाही हलत, आपला डोळा हलतो. पण बाई, लिहिताना तेच होतं.’

‘आणि कुणी बघितलं तोंड तर?’

‘बघणारे पुष्कळ होते. त्यांचे ट्रक भरभर सुटायचे.’ त्यांनी नाक मुरडलं. ‘चहा प्यायचे ट्रकवाल्यांबरोबर. मला घोट उतरायचा नाही.’

आतून मुंगीनं चिमणीसारखा आवाज काढला. दीडनं कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

सोमवारी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली. टेबलावर चहा होता, साय धरलेला. सायीवर एक चिलट पडलेलं होतं आणि ते अजून पाय हलवत होतं. सरांचं लक्ष नव्हतं.

‘केलीस सही?’

‘त्याआधी एक दाखवायचंय.’ तिनं ठशाचा फोटो पुढं ठेवला. ‘उजवी खोली यामुळं अंधूक येत होती. हा ठसा माझा आहे. चौथ्या भोकापासून पुढच्या सगळ्या खेपा यातून काढल्यात.’

सरांनी फोटो बोटाच्या टोकानं आपल्याकडे ओढला, पाहिला आणि तसाच परत ढकलला. ‘मग तर प्रश्नच मिटला. चूक तुझी, ती आम्ही निस्तरली. आता हे उकरून तू स्वतःचंच नाव घाण करणार आहेस.’

‘निस्तरली नाही, सर. वरून रंग मारला. काच पुसून मी चारही भोकं पुन्हा मोजते. आठ आठवडे लागतील.’

‘आठ आठवडे तुझ्याकडे आहेत?’

‘तुम्ही मुदतवाढ दिलीत तर आहेत.’

‘लेखाशिवाय कशावर देऊ? बाळ झालं म्हणून?’ सरांचा आवाज मऊच होता. ‘अगं, जरा समजून घे. आपलं शास्त्रच मुळी टाकून देण्याचं आहे. गळलेलं टाकलं नाही तर इथं काही दिसतच नाही. तूच टाकलेस ना पाच हजार फोटो? त्यानं आणखी दोनशे टाकले. फरक काय?’

हा प्रश्न चार दिवस तिच्याच मनात गढूळ होऊन पडला होता. सरांच्या तोंडून ऐकल्यावर तो एकदम निवळला.

‘काय टाकायचं ते मी आधी ठरवलं होतं. त्यानं रेषेचं तोंड बघून टाकलं. त्याला चाळणी नाही म्हणत, सर.’

‘मग काय म्हणतात?’

‘आमच्या सासूबाईंना एक शब्द माहीत आहे, पण तो तुमच्यासमोर उच्चारण्यासारखा नाही.’

सर पहिल्यांदा तिच्या कपाळावरून खाली, डोळ्यांत बघून बोलले. ‘सही कर नाहीतर करू नकोस. केली नाहीस तर मुदतवाढीच्या कागदावर माझीही होणार नाही. आणि महिनाअखेर टेबल रिकामं करून दे.’ त्यांनी चहाचा कप उचलला. चिलटासकट घोट घेतला.

तिनं पेन काढलं. नेमक्या त्याच वेळी छातीत कळ आली, साडेअकरा वाजत आले होते, आणि तिच्या निळ्या कुडत्यावर डावीकडे एक ओला डाग उमटून वाढायला लागला. सरांनी तो पाहिला आणि तोंड फिरवून खिडकीकडे केलं. दोन दिवसांपूर्वी ती मेल्याहून मेली असती. आता तिनं ओढणीही पुढं घेतली नाही.

‘सर्व नोंदी मी स्वतः पाहिल्या आहेत.’ कागदावर छापलेलं हे वाक्य आता अक्षरशः खरं होतं. तिनं सही केली. मग खालच्या कोऱ्या जागेत, चौकोन काढून, लिहिलं: ‘पाहिल्या त्या अशा. ठरवलेली चाळणी ४२. लेखात वापरलेल्या ४२, ४२, ४२, ३७, ५१, ३९, ५५. शेवटच्या चार चाळण्या निकाल पाहून बदललेल्या आहेत. बेचाळीसनं चाळल्यास अपवादबिंदू कुठं आहे ते सांगता येत नाही. चौथ्या भोकापासून काचेवर ठसा होता. ठसा माझा.’

‘सही केली, सर,’ ती म्हणाली आणि कागद त्यांना वाचू दिला.

सरांनी वाचला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ‘हा कागद मला नकोय.’

‘तुमच्यासाठी नाहीच आहे. कार्यालयात द्यायचा आहे.’

जिन्यात तिला इस्त्री भेटला. त्यानं कागद तिच्या हातातच वाकून वाचला, दोनदा.

‘माझं नाव नाही घातलंस,’ तो म्हणाला.

‘आकडे घातलेत.’

तो काहीतरी विनोद करेल म्हणून ती थांबली. त्यानं केला नाही. सदऱ्याची बाही सारखी केली, आधीच सारखी असलेली, आणि वर निघून गेला.

कार्यालयातल्या बाईंनी कागद उलटून पाहिला, पोचेचा शिक्का मारला आणि म्हणाल्या, ‘बाई गं, इथं एवढं कुणी लिहीत नाही. हे आता समितीपुढं जाणार.’ मग डागाकडं बघून हळूच, ‘त्या कपाटामागं आडोसा आहे. कडीही आहे.’

दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं होतं. लेख थांबला. मुदतवाढ मिळणार नव्हती, ते कुणी तोंडानं सांगितलं नाही, फक्त मुदतवाढीच्या यादीचा कागद भिंतीवर लागला आणि त्यात ती नव्हती. तिनं काळं झाकण उतरवलं. बोटांची सूज उतरली होती, त्याच एका मापाचे मोजे आता नीट बसत होते. तिनं काच पुसली. एका दिशेनं, एकदाच, प्रत्येक वेळी नवीन कागदानं. सातव्या कागदावर पिवळं यायचं थांबलं. महिना संपायला सतरा दिवस होते. सतरा दिवसांत चारातलं एक भोक होईल, फार तर. ती रिकाम्या पेटीचे हजार फोटो काढायला लागली, पहिल्यापासून.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. मुंगी तिला बघून हातपाय झाडत नुसती फुरफुरली. दीडनं तिला उचललं, दूध पाजलं, खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या; तिनं सगळं सांगितलं, न रडता.

‘म्हणजे पदवी नाही?’

‘आता तरी नाही. सतरा दिवस आहेत. तेवढ्यात होईल तेवढं मोजून ठेवते. पुढं कुणी मोजेल.’

‘हं.’ गॅसवर पातेलं ठेवल्याचा आवाज आला. ‘तुझा चहा टाकते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘साय काढून.’

मुंगी एकदम कडक झाली, उबळ आली, आणि कोमट, आंबूस, चोथा-पाणी वेगळं झालेलं दूध दीडच्या मानेवरून कुडत्याच्या आत, पाठीवरून खाली ओघळत गेलं. चार दिवसांत पहिल्यांदा तिला कशाचीच किळस आली नाही. ती तशीच उभी राहिली, पोरीचा हलका झालेला श्वास मानेवर घेत. तिनं टाळूवर ओठ टेकले.

‘ओकली का?’ सासूबाई वही-पेन्सिल घेऊन आल्या. ‘नव्वद प्यायली होती. किती गेलं असेल? वीस लिहू?’

‘तुम्ही बघितलंत?’

‘मी कुठं बघितलं, सगळं तुझ्या पाठीवर गेलं.’

‘मग “माहीत नाही” लिहा, आई.’

सासूबाईंनी चष्मा नाकावर घेतला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि तसं लिहिलं.